तिसरी मूठ

आमच्यात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, चौरंगावर देवी मांडतात आणि सोमवारी वाजतगाजत तळ्यावर नेऊन बोळवतात. तिच्या नैवेद्याच्या जाड रोटांसाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ आधी मोजून घ्यावी लागते. माप म्हणजे घरातल्या बाईची मूठ. घरात जितके पुरुष तितक्या सवा-सवा मुठी. एक भरली मूठ आणि वर पाव. बायका-पोरी त्यात धरत नाहीत. दळणारी ती, रांधणारी ती, आणि मोजणीत तेवढी ती नाही. का ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रीत आहे. दुसरी रीत अशी की ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही.

आमच्या घरात पुरुष दोन. मी आणि माझे वडील. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची. मला दोन पोरी, पोरगा नाही. म्हणजे दोन मुठी.

त्या वर्षी माझ्या बायकोनं तीन घेतल्या.

मी दारात उभा राहून ते पाहिलं. त्या एका मुठीपायी ती माझ्या घरातून गेली आणि परत येते की नाही अशी वेळ आली. ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट आहे. आता ती या जगातूनच गेली, त्याला दोन श्रावण झाले. आता लपवून ठेवायचं तरी कोणासाठी?

मी जळगावला डाळ मिलमध्ये माल पाहायचो. शिक्षण चौथी. पण चोपडा, पाचोऱ्याकडून तुरीचा ट्रक आला की शेठ आधी मला हाक मारायचा. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, तळहातावर जे दाणे येतील ते पाहायचे, त्यातला एक दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर माल सुका. दबला तर ओल आहे. माझ्या दातावर ट्रक उतरायचा नाही तर परत जायचा. मला त्याची फार घमेंड होती. एका मुठीवरून अख्खं पोतं सांगतो म्हणायचो. पोत्याचं ठीक आहे. मी माणसंही तशीच सांगायला लागलो, तिथं बिघडलं.

माझ्या डोक्याला चढ-उतार होता. बायपोलर म्हणतात, ते नाव मला खूप उशिरा कळलं. तेव्हा लोक म्हणायचे याचं फिरलंय, याला वारं लागलंय. चढ आला की मला झोप नको, जेवण नको. मिलच्या गच्चीवर वाळत घातलेली डाळ अशी पिवळीधमक दिसायची की तिच्याकडे बघून मला रडू यायचं. मी म्हणेन ते खरं. रस्त्यात कुत्रं उजवीकडून आडवं गेलं तर ते मलाच काही सांगायला गेलं. एकदा हिवाळ्यात असाच चढ होता. मी वांग्यांची अख्खी हातगाडी गल्लीत आणून उभी केली. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी भाजली, बडग्यानं ठेचली आणि सगळ्या गल्लीला भरीत-पुरी घातली. गाणी म्हटली, म्हाताऱ्यांना नाचवलं. शेजारणी माझ्या बायकोला म्हणाल्या, नवरा असावा तर असा. ती लाजली. पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मला अजून दिसतं.

पंधरा दिवसांत उतार लागला. निमित्त काय, तर मिलमध्ये मी सुकं म्हणून सांगितलेलं एक पोतं ओलं निघालं. एक पोतं. शेठनं हसून सोडून दिलं. पण माझ्या डोक्यानं मला सांगितलं की तुला काही येत नाही, कधीच येत नव्हतं, आजवर सगळ्यांनी दया केली. आणि शेठ हसला कशाला, तर त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. मी खाट भिंतीला लावली आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. अंघोळ नाही, दाढी नाही. पोरी जवळ आल्या तर यांचा बाप असण्याची आपली लायकी नाही असं वाटून डोळे मिटून घ्यायचो.

बाहेर ओट्यावर लोक यायचे आणि विचारायचे, पुन्हा भरीत कधी? मला वाटायचं, ते माझं विचारत नाहीत, त्याचं विचारताहेत. तो वांगीवाला. सगळ्यांना तो आवडतो. माझी बायकोसुद्धा लाजून बघत होती ती त्याच्याकडे. माझ्याकडे कण्यांची वाटी घेऊन यायची तेव्हा आजाऱ्याकडे बघतात तशी बघायची. खरं सांगतो, मी त्या माणसावर जळायचो. तो माणूस मीच होतो, पण खाटेवर पडलेल्याला ते पटत नाही.

जळायला दुसराही एक होता, आणि तो समोरच राहायचा. तो एसटीत कंडक्टर. जळगाव-धुळे गाडीवर. माझ्या बायकोचं माहेर धुळ्याला, पांझरेच्या काठी. तिची आई त्याच्या हाती ज्वारीचे बिबडे-पापड पाठवायची, लोणच्याची बरणी पाठवायची, पोरींचे झगे पाठवायची. माझी बायको त्याला भाऊ म्हणायची, राखी बांधायची. तो मला दाजी म्हणायचा. यात वाईट काही नव्हतं. पण तोही धुळ्याकडचा, त्यामुळे दोघं अहिराणीत बोलायचे. आम्ही जळगावच्या पूर्वेकडचे, आमची बोली वेगळी. मला अहिराणी समजायची, पण जिभेवर यायची नाही. लग्न होऊन आल्यापासून माझ्याशी ती आमच्यासारखं बोलायला शिकली. मोजून-मापून बोलायची. ओट्यावर तो बरणी घेऊन आला की मात्र तिची जीभ मोकळी सुटायची. काय शे, कसं शे, बठ्ठा बरा शेतस ना. आणि हसायची. माझ्याशी बोलताना ती तशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. मी आतून ऐकायचो. मूठभर ऐकायचो आणि पोतं सांगायचो.

तर तो श्रावण. मी चढावर होतो. ती जमिनीवर सूप घेऊन बसली होती, शेजारी गव्हाचा डबा. एक मूठ घेतली, पाव घातला. दुसरी घेतली, पाव घातला. मग जरा थांबली, दाराकडे न बघता तिसरी घेतली आणि तिच्यावरही पाव घातला. तिचं ते थांबणं मी पाहिलं. नळीतून आलेला दाणा दाताखाली दबावा तसं झालं. मला वाटलं, सापडली ओल.

मी विचारलं, "हा तिसरा कोण?"

तिनं सुपातले गहू तळहातानं सारखे केले.

"या घरात तिसरा पुरुष कोण आहे, सांग."

तिनं वर पाहिलं. घाबरली नव्हती. फार दमलेली दिसली. बोलली मात्र नाहीच. मी लाथेनं सूप उडवलं. देवीचं धान्य घरभर झालं, चुलीपाशी, उंबऱ्याच्या फटीत, पोरींच्या अंगावर. तेवढ्यावर थांबलो नाही. रस्ता ओलांडून कंडक्टरच्या दारात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तो ड्यूटीवर होता. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. गल्लीनंही ऐकलं. याच गल्लीनं माझं भरीत खाल्लं होतं.

परत आलो तर आबा गुडघ्यावर बसून फटीतले गहू नखानं काढत होते. त्यांना धड दिसत नव्हतं. पोरी हातात दिवा धरल्यासारखं बॅटरी धरून त्यांना उजेड दाखवत होत्या. आबा मला एवढंच म्हणाले की पाय धू आधी, त्या पायांनी देवीपुढे जाऊ नको.

रविवारी तिनं सगळं रीतसर केलं. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. सोमवारी देवीला मेहरूण तलावावर बोळवलं. तिथून घरी आली, पोरींचे कपडे पिशवीत भरले आणि दुपारच्या धुळे गाडीत बसली. गाडी त्या कंडक्टरचीच होती. लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर. माझ्या डोक्यानं लगेच सांगितलं, बघ. मी म्हणालो होतो ना?

ती गेली आणि चार-आठ दिवसांत मी भिंतीकडे वळलो. आता डोकं उलटं बोलायला लागलं. ती गेली ते बरोबरच केलं, तुझ्याबरोबर कोण राहील, ती कधीच येणार नाही, पोरी तुझं नावही घेणार नाहीत. चढावर असताना मला वाटायचं की मला सगळं दिसतं. उतारावरही तेच वाटायचं, मला सगळं दिसतं. दोन्ही वेळा दिसायचं वेगळं, पण खात्री तेवढीच. हे मी आता म्हणतो. तेव्हा कुठे कळत होतं.

आबा करपलेल्या भाकरी थापायचे. दीड महिन्यानं कंडक्टर आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. ताईचा निरोप आहे म्हणाला. दोन गोष्टी होत्या. धुळ्याला डोक्याचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे यायचं आणि ते देतील त्या गोळ्या घ्यायच्या. आणि मुठीचं विचारायचं नाही. कोणाची होती, का घेतली, कधीही नाही. ज्या दिवशी विचाराल त्या दिवशी मी कायमची माहेरी.

मी भिंतीकडे बघूनच ऐकलं. तो जायला वळला, मग थांबला. म्हणाला, "आणि दाजी, तुम्ही दिलेल्या शिव्या माझ्या बायकोनं पाठ करून ठेवल्यात. दोन तर मलाही नवीन होत्या. एसटीत असून."

आबा हसले. मला हसू आलं नाही, पण मी उठून बसलो.

धुळ्याला त्याच गाडीनं गेलो. त्यानं मला पुढची जागा दिली, तिकीट फाडून हातात दिलं आणि पारोळ्यापर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. दवाखान्यात माझी बायको तिच्या भावाबरोबर आधीच येऊन बसली होती. डॉक्टर तरुण होते, नखं स्वच्छ कापलेली. बायको त्यांना सगळं सांगत होती. बोटांवर मोजून, कोणत्या सणाला मी चढलो, कोणत्या सणाला पडलो, किती दिवस जेवलो नाही. माझे दिवस तिला माझ्यापेक्षा पाठ होते. आणि ती ते मला न सांगता या परक्या माणसाला सांगत होती. मी डॉक्टरवरही जळलो. लगेच, बसल्या जागी.

डॉक्टरनी मला आजाराचं काही विचारलं नाही. भाऊ, तुम्ही मालाची पारख कशी करता म्हणाले. मी सांगितलं. त्यावर मी कोणालाही कितीही वेळ सांगू शकतो.

"एका पोत्यात नळी किती ठिकाणी मारता?"

"तीन. तोंडाशी, मधे, बुडाशी. तोंडाशी चांगला माल कोणीही भरतो. एका जागी मारून बोलेल तो पारखी कसला."

"मग मुठीच्या बाबतीत किती ठिकाणी मारली?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, हिनं याला मुठीचंही सांगितलं. मला विचारायची बंदी आणि याला सगळं माहीत. मी उठून जाणार होतो. बायको खाली बघत होती आणि तिच्या हातात रुमालाचा चोळामोळा झाला होता. मी परत बसलो. उठून गेलो असतो तर ती गेलीच होती.

गोळ्या सुरू झाल्या. घसा कोरडा पडायचा, जिभेवर लोखंडासारखी चव राहायची. डॉक्टरनी बजावलं होतं, उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, मीठ तोडू नका, वेळच्या वेळी रक्त तपासा आणि बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका. सगळ्यात वाईट म्हणजे हात कापायला लागला. मिलमध्ये तळहातावर दाणे घेतले की ते थरथरायचे, दोन-चार खाली पडायचे. हमाल म्हणायचे, काय रे, पोरगी पाहायला आलायस का? मी पडलेले दाणे वेचायचो. गोळीनं हात तर नेला, बायको आणते की नाही ते अजून ठरायचं होतं.

दर महिन्याला धुळ्याला जायचो. ती दवाखान्यात यायची, बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसायचो. मधे पिशवी. ती पोरींच्या शाळेचं सांगायची, मी आबांच्या खोकल्याचं. आणि दर वेळी ते विचारणं माझ्या जिभेच्या टोकावर असायचं. कोणाची होती? एवढे दोनच शब्द. मग मी एक उपाय काढला. खिशात तुरीचे दाणे ठेवायचो. विचारावंसं वाटलं की एक दाणा दाताखाली धरायचा आणि चावायचा. बाकावर बसून मी कट्ट कट्ट करायचो. दोन-तीन महिन्यांनी ती म्हणाली की अशानं दात पडतील. मी म्हणालो, पडू दे. तिला काय समजायचं ते समजलं असावं. पुढच्या वेळी तिनं पिशवीतून भाजलेले फुटाणे काढून दिले. हे मऊ आहेत म्हणाली.

डॉक्टर मला नळी तीन ठिकाणी मारायला लावायचे. डोक्यात विचार आला की लगेच पोतं सांगायचं नाही. मी कंडक्टरचं घेतलं. तोंडाशी: तो माझ्या बायकोशी हसतो. मधे: तो आबांशीही हसतो, पोरींशी हसतो, गल्लीतल्या म्हशीशीही हसतो. बुडाशी: इतक्या वर्षांत मी घरी नसताना तो एकदाही उंबऱ्याच्या आत आलेला नाही. तीन ठिकाणी तीन प्रकारचा माल निघाला. मला वाटलं होतं, असं केलं की जळणं थांबेल. नाही थांबलं. पोटात जळायचं ते जळायचंच. फक्त मी त्याला पुरावा म्हणेनासा झालो. डॉक्टर म्हणाले, तेवढं पुष्कळ झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी माहेरी जातात. माझी बायको आखाजी झाल्यावर माहेराहून परत आली. झोके बांधून झाले, गाणी झाली, आणि ती पिशवी घेऊन त्याच गाडीतून उतरली. पोरी आधी आबांकडे पळाल्या. ती घरात शिरली, चुलीजवळची करपलेली भांडी बघितली आणि राख घेऊन घासायला बसली. मी विचारलं नाही.

मग श्रावण आला. सूप आलं, गव्हाचा डबा आला. मी या वेळी दारात उभा राहिलो नाही, तिच्यासमोर भिंतीला टेकून बसलो. दोन्ही हात मांडीखाली दाबले होते. तोंडात दाणा. आबा खाटेवर होते. तिनं एक मूठ घेतली, पाव घातला. दुसरी घेतली, पाव घातला. थांबली. आणि माझ्याकडे सरळ बघत तिसरी घेतली.

माझा दाणा फुटला. सगळ्यांना ऐकू गेला.

"विचारायचं नाही?" ती म्हणाली.

"नाही."

"माहीत पडलं नाही तर?"

"नाही पडलं तर नाही पडलं. तू जायचं नाही."

तिनं डबा बाजूला सारला. मग सुपातल्या पहिल्या ढिगाला बोट लावून म्हणाली, "ही आबांची." दुसऱ्याला बोट लावलं, "ही तुमची." आणि तिसऱ्याला, "ही पण तुमची."

मला कळेना.

मग तिनं सांगितलं. या घरात तुम्ही दोघं राहता म्हणाली. एक हातगाडीभर वांगी आणतो आणि एक भिंतीकडे तोंड करून पडतो. कानबाईच्या दिवशी त्यातला कोणता जेवायला बसेल हे मला कधी आधी कळलंय का? एकाचीच मूठ धरली आणि दुसरा आला तर तो देवीच्या ताटावरून उपाशी उठायचा. म्हणून दोन घेते. पोटचा पोरगा नाही, निदान नवरे तरी दोन मोजावेत. चार वर्षं झाली घेतेय, तुम्ही त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. आणि तुम्ही पोलिसासारखं विचारलं म्हणून नाही सांगितलं. सांगितलं असतं तरी तुम्हाला पटलं असतं का, की तुम्ही दोन आहात?

एवढं सगळं ती आमच्या बोलीत बोलली. मग सूप मांडीवर ओढलं आणि हळू आवाजात आपल्या भाषेत म्हणाली, "हाऊ बी मना शे, तो बी मना शे."

हाही माझा आहे, तोही माझाच आहे. लग्नानंतर माझ्याशी ती पहिल्यांदा अहिराणीत बोलली.

माणसानं इथं रडायला पाहिजे होतं. मी रडलो नाही. माझ्या डोक्यात काय आलं ते लिहितो, लाज वाटली तरी. मी म्हणालो, "त्यातला तुला कोणता आवडतो?"

ती म्हणाली, "गोळी खातो तो."

आबा खाटेवर इतके हसले की त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी मात्र दिवसभर घुश्शात होतो. गोळी खाणारा म्हणजे मीच, हे कळत होतं. पण त्या वांगीवाल्याकडे ती पदर तोंडाला लावून बघत होती ते डोळ्यांपुढून जाईना. तो आवडतो असं ती म्हणाली नाही याचाही राग, म्हणाली असती तरी राग.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. एकदा बरं वाटतंय म्हणून मी गुपचूप गोळी बंद केली आणि मिलच्या गच्चीवर चढून हमालांना भाषण दिलं. मला धरून धुळ्याला नेणारा कंडक्टरच होता. पुन्हा एकदा भिंत झाली, लेकीच्या लग्नाआधी. पण ती पुन्हा माहेरी राहिली नाही आणि मी पुन्हा तिसरा कोण म्हणून विचारलं नाही. आबा गेले. मग श्रावणात ती दोनच मुठी घ्यायची, दोन्ही माझ्या. हात आखडता घेतला नाही कधी.

गेली ती आठ दिवसांच्या तापानं. मला वाटलं होतं, आधी मी जाईन. आमच्या घरात आजारी मी होतो.

तिला नेलं त्या दिवशी मला रडू आलं नाही.  आणि कंडक्टर, रिटायर झालेला, काठी टेकत आलेला, तो गल्लीत बसून मोठ्यानं रडला. अहिराणीत रडला. लोक त्याच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी जळलो. तिरडीपाशी उभा राहून जळलो. डोकं म्हणालं, बघ. मी नळी मारली. तोंडाशी, मधे, बुडाशी. बुडाशी एवढंच निघालं की ती गेल्यावर या गल्लीत त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर तो रोज ओट्यावर येऊन बसायला लागला. एक दिवस त्यानं त्या सोमवारचं सांगितलं, ती पोरींना घेऊन त्याच्या गाडीत बसली तेव्हाचं. एरंडोलपर्यंत ती एक शब्द बोलली नाही म्हणाला. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आबासले भाकर कोन देई?" आबांना भाकरी कोण देणार, एवढंच. मला हे माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं ते वाक्य त्याच्याकडे होतं आणि माझ्याकडे नव्हतं. तिचं म्हणून आता जे काही उरलंय ते एवढंच, कोणाकडे एक वाक्य, कोणाकडे दोन. लेकींकडे किती आहेत कोणास ठाऊक. त्या दोघी स्वयंपाकघरात आई असं म्हणायची, आई तसं म्हणायची म्हणतात तेव्हा मी कान लावून बसतो आणि प्रत्येक वाक्यावर जळतो. माझ्यापाशीही एक आहे, सूप मांडीवर घेऊन अहिराणीत म्हणाली ते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता इथं लिहिलं.

गेल्या श्रावणात वर्ष सरलं नव्हतं, देवी बसवली नाही. या वर्षी बसवली. दोघी लेकी आल्या. थोरलीनं सूप पुढे घेतलं तर मी म्हणालो, मी मोजतो. ती म्हणाली, नाना, पुरुष मोजत नाहीत. मी म्हणालो, मोजणारी गेली, आता काय करायचं? तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.

माझी एक मूठ घेतली. हात कापतो, गहू बोटांतून गळत होते, थोरलीनं सूप जवळ धरलं. पाव घातला. मग दुसरी घेतली, त्याची. पाव घातला. तो बऱ्याच वर्षांत आलेला नाही, पण आला तर उपाशी जाऊ नये.

ओट्यावर कंडक्टर खोकत बसला होता. रोट बाहेरच्याला देत नाहीत. मी डब्यात पुन्हा हात घातला.

थोरली म्हणाली, "आता हा तिसरा कोण, नाना?"

"तुझा मामा. तो काय, बाहेर बसलाय."

तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं. "पाव घालायचा राहिला."

"त्याला एवढी पुरे," मी म्हणालो.